बरोक काळातले व्हायोलिनचे गज: घाट, घडण आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना गज म्हणजे नेमका कोणत्या काळातला?

या पानावर जुना गज म्हणजे साधारण १७८५ च्या आधी युरोपात रूढ असलेल्या घाटाचा गज; त्यातले बहुतेक बरोक काळातले, म्हणजे युरोपीय संगीताच्या साधारण १६०० ते १७५० या काळातले. आज दुकानात मिळणारा व्हायोलिनचा गज लाकडाचा असो की कार्बन फायबरचा, त्याचा घाट पॅरिसच्या फ्रांस्वा झाविए तूर्त या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवला. त्याआधीच्या दोनेकशे वर्षांत असा एकच सर्वमान्य घाट नव्हता. नाचाच्या साथीला आखूड गज होते, इटालियन सोनाटांसाठी, म्हणजे वाद्यांसाठी रचलेल्या संगीतासाठी, लांब होते, आणि व्हायोला द गांबा या पडद्यांच्या वाद्यासाठी वेगळेच होते.

जुना गज म्हणजे आजच्या गजाची कच्ची, अर्धवट आवृत्ती, असा समज व्हायोलिन शिकवणाऱ्यांतही आढळतो. हा समज चुकीचा आहे आणि तो काढून टाकावा, हाच या पानाचा हेतू. ज्या संगीतासाठी तो गज घडवला, त्या संगीतापुरता तो परिपूर्ण होता.

गजाने वाजवण्याची कल्पना युरोपातलीच का?

नाही. दहाव्या शतकात मध्य आशियात आणि अरबी-फारसी जगात गजाने वाजवण्याची वाद्ये होती. इ. स. ९५० च्या सुमारास वारलेल्या अल-फाराबीच्या लेखनात तारांवर तारा घासून वाजवायच्या वाद्यांचा उल्लेख आहे. तिथून ही पद्धत बायझंटियम आणि मुस्लिम स्पेनमार्गे युरोपात गेली.

जुना आणि आजचा गज शेजारी ठेवले, तर फरक कसा ओळखायचा?

गजाचे केस (घोड्याच्या शेपटीचे) ताणून काठीकडे पाहा. आजच्या गजाची काठी मधोमध केसांच्या दिशेने आत वाकलेली असते. जुन्या गजाची काठी ताण दिल्यावर सरळ तरी राहते किंवा केसांपासून दूर, बाहेरच्या बाजूला फुगते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या गजांत हा फुगवटा डोळ्यात भरतो. अठराव्या शतकात तो कमी कमी होत जातो. इथे नवशिक्यांचा एक घोटाळा होतो. बरोक काळातल्या कितीतरी गजांची काठी केस सैल असताना किंचित आतच वाकलेली असते, आणि ताणल्यावर सरळ होते. त्यामुळे काचेच्या कपाटात सैल ठेवलेला गज पाहून निष्कर्ष काढू नये.

मग टोक पाहा. जुन्या गजाचे टोक लांबट, निमुळते आणि बुटके, हंसाच्या चोचीसारखे. आजचे टोक उंच आणि पुढून एकदम कापल्यासारखे. केसांची पट्टीही जुन्या गजात अरुंद असते: साधारण शंभराच्या आसपास केस, तर आजच्या गजात दीडशे ते दोनशे. वजनात फरक काही ग्रॅमचाच आहे, पण हाताला तो लगेच कळतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला सोनाटाचा गज साधारण ४५ ते ५२ ग्रॅम, लांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास. आजचा ६० ग्रॅमच्या आसपास आणि ७४ ते ७५ सेंटिमीटर. नाचाच्या साथीचे जुने आखूड गज याहूनही बरेच हलके असत.

बाक उलटला म्हणून आवाजात एवढे काय बदलते?

जवळजवळ सगळेच.

आत वाकलेल्या काठीवर दाब दिला की ती सरळ होऊ पाहते आणि केस तिथल्या तिथे आणखी ताणले जातात. तारेला पकड लगेच मिळते. स्वर पहिल्या क्षणापासून भरीव लागतो आणि मुठीपासून टोकापर्यंत तसाच नेता येतो. जुन्या गजात केस मुळातच कमी ताणलेले असतात आणि काठी त्यांच्यापासून लांब असते. दाब दिला की आधी केस दबतात, मग स्वर उमलतो. संगीतकार वोल्फगांग मोझार्ट यांचे वडील, व्हायोलिनवादक लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ साली आउग्सबुर्गला छापलेल्या आपल्या व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात हेच नोंदवले आहे: कितीही जोरकस स्वर असला, तरी त्याच्या आरंभी बारीकसा, जेमतेम ऐकू येईल असा मृदूपणा असतोच. हे वाक्य आजचा गज हातात घेऊन वाचले तर कोडे वाटते. जुना गज घेतला की पहिल्याच स्वराला त्याचा अर्थ कळतो.

दुसरी गोष्ट टोकाची. टोक हलके असल्याने गज ओढताना आवाज आपोआप ओसरत जातो. गज खाली ओढला की वजनदार स्वर, वर ढकलला की हलका. फ्रेंच नृत्यसंगीताची सगळी लय या फरकावर उभी आहे. फ्रेंच दरबारी संगीतकार ल्युलीच्या वादकांची रीत गेओर्ग मुफाट या संगीतकाराने १६९८ मध्ये लिहून ठेवली, तिचा मुख्य नियमच असा की आवर्तनाचा पहिला स्वर खाली ओढलेल्या गजाने घ्यायचा. आजच्या गजावर हा नियम वादकाला मुद्दाम पाळावा लागतो. जुन्या गजावर तो हाताला आपसूक सुचतो.

कोरेली या बरोक काळातल्या इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकाराची एखादी जलद चाल दोन्ही गजांनी वाजवून पाहा. आजच्या गजाने स्वर एकमेकांना चिकटतात आणि ते सोडवायला वादकाला गज उसळवावा लागतो. जुन्या गजाने दोन स्वरांमध्ये श्वासाएवढी जागा न मागता मिळते.

लाकूड कोणते वापरत?

सुरुवातीला युरोपातलीच झाडे. पुढे अटलांटिकपलीकडून जड लाकडे येऊ लागली आणि गजाचे रूपच पालटले. यात मानाचे स्थान स्नेकवुडचे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, गयाना आणि सुरिनामच्या जंगलात हे झाड होते. १६६७ मध्ये सुरिनाम डचांच्या ताब्यात गेले. सापाच्या कातडीसारखे काळे-तांबूस ठिपके असलेले हे लाकूड इतके घट्ट असते की पाण्यात टाकले तर तळाशी जाते. कणखरपणामुळे त्याची काठी बारीक ठेवता येते, आणि काठी बारीक ठेवली तरच हे जड लाकूड हातात हलके वाटते. पॉलिश केल्यावर ते इतके देखणे दिसते की त्यावर वेगळा रंग चढवावासा वाटत नाही.

दुसरे लाकूड पेर्नांबुको, ब्राझीलच्या किनारी जंगलातले. युरोपात ते आधी आले कापड रंगवायला. त्याच्या भुशापासून गडद तांबडा रंग निघतो. आपल्याकडे रंगासाठी आणि औषधात वापरतात त्या पतंगाच्या लाकडाचा हा नातलग. रंगाऱ्यांच्या वखारीतले हे लाकूड गज घडवणाऱ्यांच्या हाती लागले आणि त्याची लवचीकता ध्यानात आली. स्नेकवुडहून ते हलके असते, वाकवून दिलेला आकार चांगला धरून ठेवते. लांब, आत वाकलेल्या गजाला नेमके हेच हवे होते. त्यामुळे बाक उलटणे आणि लाकूड बदलणे या दोन गोष्टी हातात हात घालून झाल्या.

स्क्रू नव्हता तेव्हा केस ताणत कसे?

मुठीजवळ काठी आणि केस यांच्यामध्ये जो ठोकळा असतो, त्याला कारागीर फ्रॉग म्हणतात. तो केस कसे धरतो, यावरून गजाचा काळ पुष्कळदा सांगता येतो.

सगळ्यात जुन्या बरोक गजांत केसांची दोन्ही टोके थेट काठीतच बसवलेली असतात. एक टोकाच्या खाचेत, दुसरे मुठीच्या खाचेत. फ्रॉग सुटा असतो. तो काठी आणि केस यांच्यामध्ये दाबून काठीवरच्या लहानशा खाचेत बसवला की केस ताणले जातात; काढला की सैल पडतात. ताण कमी-जास्त करायची सोय नाही. वाजवताना बोटाने केसांवर दाब देऊन थोडाफार बदल साधता येतो, एवढेच. ही व्यवस्था ऐकायला अडाणी वाटते, पण असा गज अतिशय हलका असतो आणि हातात जिवंत वाटतो, कारण मुठीत धातूचे ओझे नसते.

मग आली दात्यांची पट्टी. काठीच्या पाठीवर दाते असलेली धातूची पट्टी आणि फ्रॉगला तारेची कडी. कडी ज्या दात्यात अडकवाल तेवढा ताण. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही युक्ती दिसते.

त्याच सुमारास स्क्रूही आला. काठीच्या मागच्या टोकातून आत जाणारा लांब स्क्रू फ्रॉगमधल्या पितळी नटात फिरतो आणि फ्रॉगला मागेपुढे सरकवतो. लंडनच्या हिल या वाद्यकारागीर घराण्याच्या संग्रहातल्या, १६९४ साल कोरलेल्या गजाला असा स्क्रू आहे. म्हणजे कोरेलीच्या हयातीतच हे तंत्र आले होते. तरीही सुटे फ्रॉग पुढे कितीतरी वर्षे वापरात राहिले, कारण ज्यांना ते पुरत होते त्यांना बदलण्याची गरज भासली नाही.

असा गज आज घडवतात तरी कसा?

पहिले आणि सर्वांत कठीण काम म्हणजे लाकूड निवडणे. फळीतून एका गजापुरता तुकडा काढताना त्याचे धागे मुठीपासून टोकापर्यंत सलग हवेत. मध्ये कुठे धागा तिरका सुटला, तर टोक तिथेच तुटणार. स्नेकवुडमध्ये अंतर्गत भेगा फार, त्यामुळे एका ओंडक्यातून कामाचे तुकडे थोडेच निघतात. ते वर्षानुवर्षे सुकवून मग वापरतात.

नमुन्याच्या साच्यावरून आकार आखून तुकडा कापला की तो आधी चौकोनी, मग अष्टकोनी करायचा. तळहातात मावेल अशा छोट्या रंध्याने काठी टोकाकडे निमुळती करत न्यायची. या टप्प्यावर घाई करून चालत नाही. दर थोड्या वेळाने काठी हाताने वाकवून पाहायची, कुठे ताठ आहे, कुठे नको तितकी लवते ते बोटांना कळू द्यायचे. एक जागा जादा पातळ झाली की ती परत जाड करता येत नाही. आचेवर तापवून हळूहळू बाक द्यायचा, आणि तो थंड होईपर्यंत धरून ठेवायचा. कोरडी आच जास्त झाली तर लाकूड करपते, कमी पडली तर बाक टिकत नाही.

कित्येक जुन्या गजांच्या काठीला लांबीच्या दिशेने पन्हळी काढलेल्या असतात. त्या निव्वळ नक्षी म्हणून पाहिल्या जातात, पण त्यांनी काठीचा ताठपणा फारसा न घटता वजन कमी होते. वेड्यावाकड्या नक्षीच्या लाकडात सरळ पन्हळ काढणे हे माझ्या मते या सगळ्या कामातले सर्वांत नजाकतीचे कौशल्य आहे.

टोक सुरीने आणि कानशीने कोरतात. त्यात केसांसाठी खाच घेतात. केसांची जुडी एका टोकाला दोऱ्याने घट्ट बांधून, राळ लावून, गाठ किंचित जाळून पक्की करतात. ती खाचेत घालून वर मऊ लाकडाची पाचर बसवतात. गोंद लावत नाहीत, कारण केस पुढे बदलावे लागतात. मग केस ओले करून विंचरायचे, सगळे समांतर आणि सारख्या लांबीचे करायचे, आणि दुसरे टोक फ्रॉगमध्ये किंवा मुठीच्या खाचेत तसेच पाचरीने अडकवायचे. पाचर अचूक कापली तरच केस धरतात. एक बाजू सैल राहिली तर ताण एकांगी होतो आणि ताणताना काठी पिळते.

तो धरायचा कसा?

इटालियन रीतीत अंगठा काठी आणि फ्रॉगजवळ, बाकी बोटे वर. पण हात बऱ्याचदा फ्रॉगपासून पुढे सरकवलेला असतो. फ्रेंच नाचाच्या वादकांची रीत वेगळी, त्यात अंगठा केसांखाली. लहान, ठसठशीत ओढींना ती सोयीची पडते. व्हायोला द गांबाचा गज तर तळहात वर करून, खालून धरतात. आपल्याकडे सारंगीचा गज ज्या बाजूने धरतात तीच ही बाजू. खालून धरल्यावर हाताचा जोर ढकलण्यात येतो, ओढण्यात नाही, म्हणून गांबावर वजनदार स्वर ढकलीचा असतो.

बरोक आणि आजच्या गजामध्ये काही मधला टप्पा आहे का?

आहे, आणि तो उपेक्षित आहे. जर्मनीतल्या मानहाइमहून १७७२ मध्ये लंडनला गेलेले वादक विल्हेल्म क्रामर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा गज साधारण १७७० ते १७९० या काळात लोकप्रिय होता. काठी किंचित आत वाकलेली, टोक कुऱ्हाडीच्या पात्यासारखे, फ्रॉग पुष्कळदा हस्तिदंताचा. लंडनच्या डॉड घराण्याने आणि पॅरिसच्या तूर्त घराण्याने असे गज घडवले. वोल्फगांग मोझार्ट आणि हायडन या संगीतकारांच्या ऐन उमेदीच्या काळातला हा गज. चार तंतुवाद्यांसाठीच्या त्यांच्या रचना बरोक गजाने वाजवणे मला तितकेच अस्थानी वाटते, जितके आजच्या गजाने.

तूर्तने नवे असे काय केले?

फ्रांस्वा तूर्तने आधी घड्याळजीचे काम शिकले होते आणि ती नजर त्याच्या गजात उतरली. आत वाकलेली काठी, पेर्नांबुको, उंच टोक या गोष्टी त्याच्या अवतीभवती वेगवेगळ्या रूपांत होत्याच. त्याने त्यांची मापे एकमेकांशी जुळवली. फ्रॉगजवळ केसांवर धातूची कडी आणि आत लहान पाचर बसवल्याने केसांची पट्टी रुंद आणि सपाट पसरू लागली. हीही त्याच्याच कार्यशाळेची देणगी मानतात. १७८२ मध्ये पॅरिसला आलेल्या व्हियोत्ती या इटालियन वादकाने त्याला सल्ला दिला असे परंपरेने सांगतात.

संगीताचे अभ्यासक फेतिस यांनी १८५६ मध्ये व्हियोम या कारागिराने घेतलेली तूर्तच्या काठीची मोजमापे छापली. मुठीकडचे पहिले ११ सेंटिमीटर व्यास ८.६ मिलिमीटर कायम, आणि पुढे तो ठरावीक गणिती क्रमाने घटत टोकाशी ५.३ मिलिमीटर. तूर्तने हे गणित मांडलेले नव्हते. ते त्याच्या हाताला येत होते, आणि गणित मागाहून सापडले.

या गजाने मोठ्या सभागृहात लांब, अखंड, दणकट स्वर शक्य झाला. पुढच्या शतकाला तोच हवा होता. त्या बदल्यात उमलणारा आरंभ आणि ओढ-ढकलीतला स्वाभाविक फरक गेला.

स्ट्राडिवारीने गज केले होते का?

इटलीतल्या क्रेमोनाच्या या प्रसिद्ध व्हायोलिन कारागिराच्या कार्यशाळेत गज होत होते हे नक्की. क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात त्याच्या कामाचे जे कागद आणि साचे जपले आहेत, त्यांत गजाच्या भागांचेही नमुने आहेत. त्याच्या कार्यशाळेचे मानले जाणारे गज मात्र मोजकेच उरले आहेत.

बाखसाठी धनुष्यासारखा गोल गज असे म्हणतात. ते खरे का?

खरे नाही. जर्मन संगीतकार बाखने १७२० च्या हस्तलिखितात एकट्या व्हायोलिनसाठी ज्या रचना लिहिल्या, त्यांत तीन-चार तारांचे स्वर एकावर एक मांडलेले आहेत. ते सगळे एकदम वाजवायचे असतील तर केस सैल आणि काठी खूप फुगलेली हवी, असा तर्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड शेरिंग आणि आल्बर्ट श्वाइत्झर या अभ्यासकांनी मांडला. त्यातून असे गज बनवलेही गेले. एमिल तेल्मान्यी या वादकाने १९५० च्या दशकात अशाच एका गजाने या रचना ध्वनिमुद्रित केल्या. पण बाखच्या काळातला कोणताही गज असा नव्हता. ते स्वर खालून वर उलगडत वाजवायची रीत होती, आणि खऱ्या बरोक गजाने ते इतके सहज उलगडतात की या गोल गजाची गरजच उरत नाही.

जुने अस्सल गज इतके कमी का उरले?

व्हायोलिन जपले गेले, गज टाकले गेले. नवा घाट आल्यावर जुना निरुपयोगी ठरला. सुटे फ्रॉग हरवले. काही गजांना नवा फ्रॉग आणि स्क्रू बसवले, काहींची काठी उलटी वाकवली. शिवाय अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारागीर गजावर आपल्या नावाचा ठसा क्वचितच उमटवत, त्यामुळे उरलेल्यांचे कर्तेही अज्ञात आहेत. म्हणून आजचे कारागीर ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन किंवा पॅरिसचे संगीत संग्रहालय अशा ठिकाणचे गज प्रत्यक्ष मोजून नक्कल करतात. केवळ छायाचित्रावरून केलेली नक्कल दिसायला हुबेहूब निघते आणि हातात मेलेली असते, कारण काठी कुठे किती पातळ आहे हे छायाचित्रात येत नाही.

मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवतो. मला असा गज उपयोगी पडेल का?

गायकी अंगाने वाजवत असाल तर मुख्य गज म्हणून नाही. विलंबितातली लांब मींड, न तुटणारा सूर, टोकापर्यंत सारखा राहणारा आवाज यांना तूर्तचाच घाट अनुकूल आहे. शिवाय जुना गज आतड्याच्या तातीसाठी घडवलेला असतो. पोलादी तारेवर तो घसरतो आणि आवाज पातळ, खरखरीत येतो. पाश्चात्त्य जुने संगीत शिकायचे असेल तर मात्र आधी गज घ्या, तात नंतर लावा. माझा सल्ला सगळ्यांना हाच असतो, कारण वाद्यापेक्षा गज हाताला अधिक लवकर शिकवतो.

मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात त्याची काळजी कशी घ्यायची?

दमट हवेत केस लांबतात. स्क्रूचा गज असेल तर थोडा जास्त फिरवावा लागतो, आणि वाजवून झाल्यावर न विसरता सैल करायचा. सुट्या फ्रॉगच्या गजात ही सोय नाही; तिथे फ्रॉग आणि केसांमध्ये पातळ चामड्याची किंवा कागदाची चकती सरकवून ताण वाढवतात. हवा कोरडी झाली की ती लगेच काढा, नाहीतर केस आखडून टोकावर नको तितका ताण येतो.

स्नेकवुडला अचानक बदल सोसत नाही. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर, किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणे, यांनी काठीला चीर पडू शकते. पेटी महिनोन्महिने बंद ठेवू नका. अंधाऱ्या, बंद पेटीत केस खाणारी कीड होते. एके दिवशी उघडल्यावर तुटलेल्या केसांचा झुबका मिळतो. पेटी उघडून उजेडात ठेवा, गज वाजवा, राळ बेताने लावा.

परदेशातून गज आणताना कायद्याची अडचण येते का?

येऊ शकते. पेर्नांबुकोचे झाड २००७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि नियम अधूनमधून कडक होत असतात. खरेदीआधी त्या वेळचे नियम पाहा. हस्तिदंत तर भारतात आणूच नका. फ्रॉग किंवा टोकाची पट्टी हस्तिदंताची नाही हे कारागिराकडून लेखी घ्या. हाडाचा, आबनुसाचा किंवा काठीच्याच लाकडाचा फ्रॉग मागा. बरोक काळात फ्रॉग पुष्कळदा काठीच्याच लाकडाचा असे, त्यामुळे असा गज घेताना आपण अस्सलपणाशी तडजोड करतो आहोत असे मुळीच समजू नका.